तुटेपर्यंत ताणू नये
(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात पावसावर लिहावे, प्राजक्तावर लिहावे, फार तर वाचनाच्या छंदावर लिहावे, अशी प्रथा आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने लाँचच्या इंजिनाला बसवायच्या नट-बोल्टांवर लिहिलेले संपादक मंडळाला कितपत रुचेल, कोण जाणे! पण आपल्याला जे ठाऊक आहे त्यावर लिहावे, असे आमचे मराठीचे सर सांगतात. प्राजक्त मला ठाऊक नाही असे नाही; पण त्याच्याविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. नट-बोल्टांच्या वाट्याला मात्र कुणी गेलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

माझे वडील रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात लाँचची इंजिने दुरुस्त करतात. बंदरात त्यांना सगळे 'मेस्त्री' म्हणतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. २०२५ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची होती. या दिवसांत लाँच शाकारून ठेवलेल्या असतात आणि त्यांची इंजिने खोलली जातात. इतरांना जो विश्रांतीचा काळ, तो आमच्या घरी सुगीचा. नववीत असल्यापासून मी या दिवसांत बाबांच्या हाताखाली जाते. याचे कारण हौस नव्हे, माझ्या हाताची जाडी. इंजिनाच्या अंगाला चिकटून असलेल्या मॅनिफोल्डच्या मागे जे नट असतात, तिथवर बाबांचा पंजा पोचत नाही, माझा पोचतो. एवढ्या एका गुणावर मला ही विद्या मिळाली.

मॅनिफोल्ड म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. इंजिनात जितके सिलिंडर, तितक्या खिडक्यांतून जळलेला धूर बाहेर पडतो. या सगळ्या खिडक्यांवर मिळून बिडाची एक फाटे असलेली नळी बसवलेली असते. चार-सहा ओहोळ येऊन एका नदीला मिळावेत, तसा सगळा धूर या नळीत एकत्र होतो आणि पुढे धुराड्यातून बाहेर जातो. ही नळी इंजिनाच्या हेडला दहा-बारा स्टडांनी धरलेली असते. स्टड म्हणजे डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट; एक टोक हेडमध्ये कायमचे रुतलेले आणि दुसऱ्यावर नट. हेड आणि नळी यांच्यामध्ये पातळ पॅकिंग. एवढाच सगळा संसार. पण लाँचवरच्या माणसांचा जीव या संसारावर अवलंबून असतो, हे मला २०२३ च्या नोव्हेंबरात कळले.

त्या महिन्यात एक लाँच नेहमीपेक्षा दोन दिवस आधी बंदरात परतली. ड्रायव्हर आणि एक खलाशी यांचे डोके विलक्षण दुखत होते, उलट्या झाल्या होत्या, उभे राहवत नव्हते. इतर खलाशी म्हणाले, "बोट लागली असेल." बाबा तिथेच उभे होते. ते म्हणाले, "वीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला आज कशी बोट लागेल?" धक्क्यावर तासभर मोकळ्या हवेत बसल्यावर दोघांनाही बरे वाटू लागले, हे पाहून बाबा उठले आणि थेट इंजिनाकडे गेले. ट्रॉलरमध्ये केबिन बहुधा इंजिनाच्या वरच असते. रात्री थंडी होती, म्हणून केबिनची दारे लावून माणसे झोपली होती. आणि खाली मॅनिफोल्डच्या शेवटच्या खिडकीपाशी बिडावर काजळीची एक लांब काळी जीभ उमटली होती. तिथला स्टड मुळापासून तुटला होता. पॅकिंग तेवढ्या जागी उडाले होते आणि धूर फळ्यांच्या फटींतून वर जात होता. इंजिनाचा वास खलाशांच्या नाकाला इतका सवयीचा असतो की कुणाला संशयही आला नव्हता.

बाबा एवढेच म्हणाले, "धूर खाल्ला पोरांनी." पुढे मी ग्रंथालयात वाचले, ते असे : धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने जोडला जातो, आणि मग रक्तात प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते. त्या झोपेतून काही माणसे उठत नाहीत. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी असतो, हे खरे. पण बंद केबिनमध्ये रात्रभर थोडा थोडा धूर येत राहिला, तर ते 'थोडे' फार होते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. तो स्टड ढिला राहिल्यामुळे तुटला असेल, असे कुणालाही वाटेल. लाँचच्या शेठनाही तसेच वाटले. बाबांनी शेजारचा नट खोलून दाखवला. त्याच्याखालचा वायसर मॅनिफोल्डच्या बिडात रुतून बसला होता; नटाच्या कडा पान्याने सोलून निघाल्या होत्या. आधी कुणीतरी पान्याला पाइप लावून ते नट आवळले होते. म्हणजे तो स्टड ढिला नव्हता, तो फार घट्ट होता! आवळणाऱ्याने बिचाऱ्याने काळजीपोटीच आवळले असणार. सुटू नये म्हणून त्याने ते इतके घट्ट केले, आणि घट्ट केल्यामुळेच ते तुटले.

असे का व्हावे? मी बाबांना विचारले, तेव्हा त्यांनी मला रबराचा एक तुकडा दिला. म्हणाले, "बोल्ट म्हणजे हेच, बाय. फक्त पोलादाचं." नट फिरवत गेले की स्टड ताणला जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण ताणला जातो. आणि ताणलेले रबर जसे मागे येऊ पाहते, तसा तो स्टड मागे येऊ पाहतो. ही जी मागे येण्याची ओढ, तीच मॅनिफोल्डला हेडवर दाबून धरते. ताण कमी पडला तर दाब कमी, आणि पॅकिंगमधून धूर निसटतो. ताण मर्यादेपलीकडे गेला तर पोलाद मागे यायचे विसरते, लांबट होऊन राहते, आणि एक दिवस तुटते. पोलाद असे हार मानते, ते हाताला कळते म्हणतात. नट जड होत होत येतो आणि एकाएकी लोण्यातून फिरावा तसा हलका फिरतो. शिकाऊ पोराला वाटते, अजून थोडा बसतो आहे. मेस्त्रीला कळते, हा स्टड गेला.

इथे थोडे गणित करायला हरकत नाही. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. सातवीपर्यंतचे गणित पुरते. एम १० म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचा, ८.८ प्रतीचा साधा पोलादी बोल्ट कोरडा आवळायचा तर ४५ ते ५० न्यूटन-मीटर एवढा जोर ही साधारण मर्यादा. त्याला सतरा नंबरचा पाना लागतो. वीस सेंटिमीटर लांबीचा पाना टोकाला धरून सुमारे तेवीस किलोच्या वजनाएवढा जोर लावला, की हे माप भरते. आता त्याच पान्यावर पाइप चढवून लांबी साठ सेंटिमीटर केली आणि हाताने तोच जोर लावला, तर स्टडवर जोर पडतो तिप्पट. हाताला मात्र काहीच वेगळे वाटत नाही. पाइपची ही मोठीच लबाडी आहे. तो माणसाला बळ देतो आणि त्याची जाण काढून घेतो.

अर्थात हे झाले साधे माप. पॅकिंग, स्टड आणि बीड पाहून कंपनी प्रत्येक इंजिनासाठी वेगळा आकडा देते, आणि तोच खरा धरायचा. आणखी एक गंमत बाबांना हाताने ठाऊक होती, तिचे कारण मला पुस्तकात सापडले. आपण नटावर जो जोर लावतो, त्यातला जेमतेम दहावा भाग स्टड ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा सगळा नटाच्या खालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्ची पडतो. म्हणून आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावली आणि जोर तेवढाच ठेवला, तर घर्षण घटते आणि स्टड फाजील ताणला जातो. पेस्ट लावली की बाबा आपोआप हात राखून काम करतात. आणि गंजलेल्या आट्यांवर नवा नट चढवला, तर जोर सगळा गंजच खातो; मापाचा पाना 'झाले' म्हणतो आणि आत स्टड ढिलाच असतो. म्हणून आवळण्याआधी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करायचे, नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, आणि मगच पान्याला हात घालायचा. हे आधीचे काम कंटाळवाणे असते, म्हणून माझ्याकडे असते.

स्टड निवडायचा कसा, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. बाजारात गेले की दुकानदार विचारतो, "स्टेनलेस देऊ?" समुद्रावरचे काम, तेव्हा न गंजणारे पोलाद उत्तम, असे वाटणे साहजिक आहे. पण स्टेनलेसचे दोन दुर्गुण आहेत. एक, स्टेनलेसच्या स्टडावर स्टेनलेसचा नट घट्ट करताना दोघांचे आटे एकमेकांत असे रुततात की पुढे जात नाहीत आणि मागेही येत नाहीत. शेवटी कापावेच लागतात. दुसरा दुर्गुण, ते तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट वाढते. बिडापेक्षा स्टड जास्त लांबला, की गरम असतानाच पकड सैल होते. मग झिंकचा मुलामा दिलेले बोल्ट का नकोत? जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधीच त्या मुलाम्याचा भरवसा संपतो. धुराच्या नळीवर त्याचे काम नाही. नायलॉनची कडी असलेले नट इतरत्र फार चांगले. इथे नायलॉन वितळून जाते. स्प्रिंग वायसरही तापून तापून आपली स्प्रिंग हरवून बसतो.

"मग सगळ्यांत कडक बोल्ट आणू," असे एका शेठनी एकदा म्हटले होते. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे कोरलेले असतात; आकडा जितका मोठा, तितके पोलाद बळकट. ८.८ मधला पहिला आठ सांगतो, की दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ओढ लागल्यावर हा तुटेल. दुसरा आठ सांगतो, की त्याच्या ऐंशी टक्क्यांवर हा कायमचा लांबू लागेल. १२.९ चा बोल्ट कागदावर बलवान दिसतो. पण फार कडक पोलाद खाऱ्या पाण्याच्या संगतीत न लांबता एकदम तडकण्याची भीती असते. तेव्हा बाबांचा पाठ ठरलेला आहे : ८.८ चा साधा पोलादी स्टड, त्यावर उंच पितळी नट, खाली जाड सपाट वायसर, आट्यांना पेस्ट, आणि दर पावसाळ्यात सगळे नवे. पितळी नट का? पितळ पोलादाशी गंजून एकजीव होत नाही. आणि कुणी फाजील जोर केलाच तर आटे नटाचे जातात, स्टडचे नाहीत. नट काही रुपयांचा. स्टड हेडमध्ये तुटला, तर तो ड्रिलने कोरून काढायला दिवस जातो, आणि ड्रिल वाकडे गेले तर हेडच उतरवावे लागते. कुठल्याही जोडणीत आधी मोडायचे कुणी, हे ठरवून ठेवावे लागते. हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आता आवळण्याचा क्रम. आम्ही घरी पाटावर वड्या थापतो तेव्हा मधून कडेकडे दाब देत जातो, नाही तर मध्ये फुगवटा राहतो. मॅनिफोल्डचेही तसेच. मधला नट आधी, मग त्याच्या एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा, असे करत टोकांना जायचे; आणि हे एकदा नव्हे, तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे, दुसरीत निम्मे माप, तिसरीत पुरे. टोकांकडून सुरुवात केली तर मधली नळी उचलून धरली जाते, आणि ती गरम झाली की तिला सरकायला वाव राहत नाही.

सरकायला म्हणजे काय? बिडाची एक मीटर लांबीची नळी शंभर अंशांनी तापली, की साधारण एक मिलिमीटरने वाढते. इंजिनाचे हेड पाण्यामुळे ऐंशी-नव्वद अंशांवर राहते; पाण्याने थंड न केलेला मॅनिफोल्ड मात्र चारशेच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे हेडपेक्षा मॅनिफोल्ड सुमारे तीन मिलिमीटर जास्त लांब होऊ पाहणार. मध्यापासून प्रत्येक टोकाला दीड. म्हणूनच टोकाकडची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात, आणि म्हणूनच स्टड तुटतो तो बहुधा टोकाचा. नळीला वाढण्याची वाट ठेवली तर ती गुपचूप वाढते आणि थंड झाल्यावर जागेवर येते. वाट बंद केली तर ती स्टडला आडवा हिसका देते. दररोज तापणे आणि दररोज निवणे, असे शेकडो हिसके. माझे आजोबा शिडाच्या गलबतावर होते. लाँचला इंजिने आली ती पुढे. १९५३ साली केरळात नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला, त्यानंतरच्या काळात. आजोबांना मॅनिफोल्ड ठाऊक नव्हता. पण सुती दोर दवाने भिजला की आखडतो, म्हणून रात्री बांधताना त्याला ढील ठेवावी, हे ते आम्हांला सांगत. ज्याने ढील ठेवली नाही, त्याची खुंटी सकाळी उपटलेली असे. बिडाला आणि दोराला नियम एकच लागतो, हे पाहून मला मोठी मौज वाटली.

या सर्वांवर कळस म्हणजे दुसरे आवळणे. नवे पॅकिंग पहिल्यांदा तापते तेव्हा थोडे दबते. मग स्टडवरचा ताण उतरतो. म्हणून इंजिन एकदा चांगले तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन, प्रत्येक नट त्याच क्रमाने पुन्हा तपासावा लागतो. या कामाला वेळ लागतो अर्धा दिवस, आणि तो सगळा वाट पाहण्यात जातो. नेमके हेच कुणाला नको असते. वाट पाहण्याची मजुरी द्यायला कोण तयार होणार? डोळ्यांना तर काम केव्हाच संपलेले दिसते.

२०२५ च्या ३१ जुलैची गोष्ट. एका लाँचचा मॅनिफोल्ड आम्ही दुपारी बसवला. १ ऑगस्टला बंदी उठायची होती, आणि पहिल्या फेरीच्या मासळीला भाव चांगला, म्हणून प्रत्येकाला घाई. बाबा म्हणाले, "शेठ, इंजिन आता दोन तास चालवू. रात्रभर निवू दे. सकाळी मी परत नट बघतो, मग सोडा." शेठ म्हणाले, "मेस्त्री, सकाळपर्यंत बाकीचे जाळं टाकून मोकळे होतील. तुम्ही आवळलंय ना? मग झालं." शेठ दुष्ट नव्हते. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा आगाऊ पैसा, हे सगळे त्यांनी कर्जाने उभे केले होते. त्यांचा एक दिवस म्हणजे काय, हे आम्हांलाही कळत होते. पण केबिनमध्ये झोपणारे शेठ नव्हते. तिथे झोपणारा ड्रायव्हर शेजारीच उभा होता, आणि तो काही बोलू शकत नव्हता.

मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत २२० अंशांच्या वर तापणारे आणि फुटक्या नळीतून इंधन उडून पडू शकेल असे भाग झाकलेच पाहिजेत, असा दंडक आहे. आमच्या लाँचला तो लागू नाही. पण डिझेल तेच आहे, आग तीच आहे आणि माणसेही तशीच आहेत.

बाबांनी वाद घातला नाही. आपला सतरा नंबरचा पाना काढून त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिला. ड्रायव्हर नेपाळचा, मिरकरवाड्यात खलाशी आणि ड्रायव्हर पुष्कळ तिकडचे आहेत. बाबांनी त्याला हात धरून शिकवले, की नांगर टाकल्यावर, इंजिन हाताला थंड लागल्यावर, या क्रमाने, एवढ्याच जोराने, पाइप न लावता. पण बारा नटांचा क्रम एका ऐकण्यात कोणाच्या ध्यानात राहणार? तेव्हा मला एक काम सुचले. मॅनिफोल्डवर रंग टिकत नाही, जळून जातो. म्हणून वरच्या टॅपेट कव्हरवर, प्रत्येक नटाच्या समोर, मी पांढऱ्या रंगाने आकडे घातले : मधे १, मग २, ३, असे टोकाला १२ पर्यंत. इंजिनाचे पुस्तक इंग्रजीत आहे. ते ड्रायव्हरला वाचता येत नाही, बाबांनाही येत नाही. त्यातला क्रम आणि माप मी दोन वर्षांपूर्वी बाबांच्या वहीत मराठीत उतरवून ठेवले आहे. पण आकड्यांचे भाषांतर करावे लागले नाही. नेपाळी आणि मराठी यांचे आकडे एकाच देवनागरीतले. ड्रायव्हरने ते बोट ठेवून एकापासून बारापर्यंत वाचले आणि हसून मान हलवली. लाँच रात्रीच गेली.

ती पाचव्या दिवशी परतली. ड्रायव्हर पाना परत द्यायला स्वतः आला. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नट पाहिले होते. मधले जागेवर होते. टोकाचे चारही नट जवळजवळ पाव फेरा आत गेले होते. बाबा खाली उतरून, बॅटरी लावून, कडेकडेने पाहून आले. काळी रेघ कुठेही नव्हती. त्यानंतर आणखी तीन लाँचच्या ड्रायव्हरांनी मला आकडे घालून मागितले. मी दिले. बी. ए. होऊन काय करणार, असे मला वाडीत अनेकदा विचारतात. या प्रश्नाचे पुरे उत्तर अजून माझ्याजवळ नाही, पण एवढे एक काम आहे, असे आता म्हणता येते.

आम्हांला अभ्यासात 'बल', 'धैर्य', 'निर्धार' असे शब्द वारंवार भेटतात. त्या सर्वांत अधिक म्हणजे अधिक चांगले, असे गृहीत धरलेले असते. पान्याने मला याच्या उलट शिकवले. बळकट जोडणी म्हणजे सर्वांत घट्ट जोडणी नव्हे. जिला तापल्यावर हलायला वाव आहे आणि निवल्यावर परत येण्याची ओढ आहे, तीच जोडणी टिकते. 'तुटेपर्यंत ताणू नये' ही म्हण आपण भांडणाच्या वेळी वापरतो. तिच्या जोडीला दुसरेही अर्धे वाक्य हवे, की ताणल्यावाचून काही धरलेही जात नाही. किती ताणायचे, हे ज्याच्या हाताला कळते, त्याला आमच्या बंदरात मेस्त्री म्हणतात.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी लाँच असेल, किंवा लाँचवर जाणारे कुणी असेल. त्यांना एकच विनंती. पुढच्या खेपेला घरचे माणूस निघेल तेव्हा त्याला बॅटरी घेऊन मॅनिफोल्डच्या दोन्ही टोकांना पाहायला सांगा. काजळीची रेघ दिसली, तर ती पुसून टाकू नका, मेस्त्रीला दाखवा. आणि मेस्त्री म्हणाला, की उद्या सकाळी पुन्हा येतो, तर त्याला येऊ द्या.